चाखलेला घास

१९ ऑक्टोबर १९३४

पुन्हा अडकलं! पुरणपोळीचा दुसराच घास. छातीच्या मधोमध, हाडाखाली. वर पाणी प्यालो तर पाणीही तिथेच उभं राहिलं. काल दसऱ्याची पंगत, चाळीस माणसं, आणि मी तोंडावर रुमाल धरून उठलो. मागून कोणीतरी म्हणालंच — "संभाजीराव को क्या हो गया?" मोरीत सगळं जसंच्या तसं बाहेर पडलं. आंबट नाही, कडू नाही. पोटात पोचलंच नव्हतं.

मार्चपासून हे चाललंय. अंगरखा दोनदा आत घ्यावा लागला.

आबासाहेबही असेच गेले. आधी घास अडायचा, मग उलट्या, मग नुसती हाडं. माझ्या सावत्र आईने, धाकट्या आईसाहेबांनी, त्यांना विष घातलं — हे सगळ्या लष्कर शहराला ठाऊक आहे.

२० ऑक्टोबर

तेव्हापासून आमच्या घरात रीत आहे. यजमानाच्या ताटातला पहिला घास बायकोने चाखायचा, सगळ्यांसमोर, आणि गिळून होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. विजया अठरा वर्षं चाखते आहे. आजही चाखला. ती ठणठणीत! मग मलाच का? की थोडं थोडं खाऊन अंगवळणी पाडून घेतलंय?

हे लिहिताना लाज वाटली. पण खोडणार नाही.

२३ ऑक्टोबर

दाल बाजारात स्वतः गेलो, स्वतः मूग निवडून आणले. कान्होजीला त्याच्या खोलीत वेगळ्या चुलीवर शिजवायला सांगितले. म्हातारा नोकर, आबासाहेबांच्या वेळचा. मी पातेल्यावरून नजर हलवली नाही.

तिसऱ्या घासाला अडकलं.

म्हणजे कान्होजीही विजयाला मिळालेला?

२७ ऑक्टोबर

आज डोळ्यांनी पाहिलं. विजया माझ्या दुधात काहीतरी टाकून ढवळत होती, दाराकडे पाठ करून. "काय घातलंत त्यात?" अशी दचकली की चमचाच पडला. म्हणाली, "सुंठ. आणि गरम पाणी. पातळ असलं की उतरेल."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खाली बघून चमचा पुसत राहिली.

मी बारा वर्षांचा असताना हेच पाहिलं होतं. हीच पाठ, दुधाचा वाडगा, चिमटीतली पूड. धावत जाऊन महिपतरावकाकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकट्या आईसाहेबांना गाडीत बसवून उज्जैनला धाडलं, त्या आजवर तिथेच आहेत. महिनाभरात आबासाहेब गेले. काका म्हणाले, पोराने पाहिलं म्हणून निदान घर तरी वाचलं. मला छोटी तलवार दिली. अजून भिंतीवर आहे.

दूध मांजराला पाजलं. संध्याकाळी मांजर पत्र्यावर उंदराच्या मागे. अंगात दुप्पट जोर!

३० ऑक्टोबर

शेवटी डॉक्टर मुकुंदरावांकडे गेलो. विलायतेहून शिकून आलेले, तोंड मात्र अजून पोरासारखं. पांढरा चुन्यासारखा काला प्यायला दिला (आधी वास घेतला!) आणि अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे उभं केलं. मग कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणे अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथलं तोंड घट्ट मिटून बसतं, वेळेवर उघडत नाही. त्यामुळे वरची नळी पखालीसारखी फुगली आहे.

विचारलं, "विषाने असं होतं का?"

हसले. "विषाला इतका धीर नसतो, संभाजीराव."

उपाय तीन सांगितले. जेवणाआधी जिभेखाली थेंब, पण त्यांचा भरवसा कमी. दुसरा, पारा भरलेली रबराची नळी गिळायची; पाऱ्याच्या वजनाने ते तोंड उघडतं. रोज जेवणाआधी, काही महिने. तिसरा, मुंबईला जाऊन तिथला स्नायू कापून घ्यायचा. जगलो तर कायमचं बरं, पण "जगलात तर" हे त्यांनी दोनदा म्हटलं.

जाताना विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं असं? वडिलांना वगैरे?"

नाही म्हणालो. फार पटकन म्हणालो.

३१ ऑक्टोबर

पारा! आणि विजया म्हणते, नळीच घ्या. एवढी घाई कसली हिला?

डॉक्टर नळी घेऊन घरी आले. करंगळीएवढी जाड, काळी, हातभर लांब. मी मान फिरवली. तर ही पुढे झाली. "डॉक्टरसाहेब, आधी मला द्या. आमच्याकडे तशी रीत आहे." डॉक्टरांना काही उमगेना. मग समजलं तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. तिला नाही दिली. स्वतःच गिळून दाखवली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तरी मी नाही म्हणालो. थेंब घेईन.

२ नोव्हेंबर

थेंब. डोकं ठणकलं. घास तिथेच.

५ नोव्हेंबर

कान्होजी आज दारात घुटमळत उभा. "सरकार, बाईसाहेबांना चिठ्ठी आली. उज्जैनची. ये तीसरी है. मी बोललो नाही, गलती झाली."

उज्जैन!

माझ्या बायकोचा त्या बाईशी पत्रव्यवहार! सगळं कळलं. सुंठ कोणी सांगितली तेही कळलं. एकीने बापाला संपवलं, आता दुसरीला शिकवते आहे. विजया दिवाळीच्या पणत्या आणायला बाड्यावरच्या बाजारात गेली होती. तिची पेटी उघडली. शालूच्या घडीत तिन्ही पत्रं. पुरावाच! काढून घेतली. उद्या तिच्या माहेरच्यांना बोलावतो, त्यांच्यासमोरच वाचतो.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी

धीर निघाला नाही. पहिलं पत्र वाचलं. इथे उतरवून ठेवतो.

"चि. सौ. विजयास आशीर्वाद. कान्होजीकडून जुनी हकीकत ऐकून तू मला विचारलंस, बरं केलंस. सगळं अगदी त्यांच्यासारखंच आहे. थंड काही देऊ नकोस. दूध पाणी घालून पातळ कर, चिमूटभर सुंठ, कोमट दे. घास अडला तर बसून राहू देऊ नकोस, उभं राहून गरम पाण्याचा मोठा घोट घ्यायला सांग. त्यांना तेवढंच उतरायचं. शेवटी शेवटी तेवढ्यावरच जगवत होते. मी गेल्यावर कोणी दिलं की नाही, देव जाणे. डॉक्टर काही नवा उपाय सांगतील तर घेऊ दे, आमच्या वेळी तसलं काही नव्हतं. माझं नाव संभाजीला कळू देऊ नकोस. लहानपणीही तो मला भ्यायचा. कळलं तर दूध पिणार नाही."

६ नोव्हेंबर

नळी गिळली. मग भाकरी. विजया चाखायला पुढे झाली, तिचा हात धरून शेजारी बसवलं. गरम पाणी, उभं राहून. उतरली.

धाकट्या आईसाहेब तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आबासाहेब उपाशी गेले, आणि ते मी केलं. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघं उज्जैनला निघतो आहोत.