शटर उघडं असताना

ता. ९ नोव्हेंबर
रविवार, दुपार

प्रिय छोटे,

आशीर्वाद आहेतच. तू आणि पिल्लू मजेत असाल असं धरून चालते, कारण काल फोनवर तू बाबांशी पोटभर बोललीस आणि माझ्या वाट्याला "ताई, ठेवते गं, मीटिंग आहे" एवढंच आलं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. बरं, टोमणाच आहे.

बाबा ठीक आहेत. जन्मभर हवा खेळवायचे पत्र्याचे डक्ट वाकवले आणि आता जिना चढताना स्वतःलाच हवा पुरत नाही, याचं त्यांना हसू येतं. डॉक्टर वाफ घ्या म्हणतात, तर हे म्हणतात, आधी या खोलीची खिडकी चुकीच्या भिंतीत आहे ते बघा. परवा शेजारीण आली होती. तिला त्यांनी मासिकातला तुझा हेल्मेटवाला फोटो दाखवला. "ही माझी धाकटी. हिच्या कारखान्यात गोंदाचा वास म्हणून येत नाही."

"आणि या थोरल्या काय करतात?" शेजारणीनं विचारलं.

मी चहा घेऊन दारातच होते. बाबा म्हणाले, "ती पण त्याच लायनीत आहे. पार्किंगचं बघते."

पार्किंगचं बघते! एका तळघरातल्या पार्किंगची हवा केली खरी, पण हॉटेलांची स्वयंपाकघरं केली, अख्खं हॉस्पिटल केलं, रुग्णांच्या खोल्यांत कुठून हवा यावी आणि कुठून जावी यासाठी डोळे फोडले, आणि मी राहिले पार्किंगची. तुला डक्टचा आकार काढायला पहिल्यांदा मी शिकवलं, हे कुणाच्या लक्षात नाही. तुझ्याही नसेल. असो.

कामाचं म्हणशील तर सध्या एका कारखान्याची हवा तपासायचं काम आलंय. बुटांचे तळवे चिकटवतात तिथे.

किती वेळ आडून आडून लिहू? तुझाच कारखाना तो, तू हवेचा आराखडा काढलेला. फोटोतलाच.

आपण बहिणी आहोत हे मालकांना माहीत नाही. आडनावं वेगळी, आणि मीही बोलले नाही. मागच्या टेबलांवरच्या बायकांची डोकी दुखतात अशी तक्रार होती. मालकांना दुसरा कारखाना बांधायचाय. मला म्हणाले, "हाच आराखडा पुन्हा वापरायचा की नवा माणूस बघायचा, ते तुमच्या तपासणीवर ठरवू." मी "हो" म्हटलं, तेव्हा माझा आवाज इतका गोड निघाला की माझा मलाच संशय आला.

तपासायला जाते म्हणून गेले खरी, पण मनात एकच होतं, तुझी चूक सापडू दे.

सकाळभर सापडली नाही. भिंतीतून जमिनीलगत ताजी हवा येते, माणसांच्या तोंडासमोरून जाते आणि वास उचलून पलीकडच्या धुराड्यातून वर निघून जाते. हवेची वाट डोळ्यांना दिसावी म्हणून मी टेबलाटेबलाशी धुराची नळी धरली. धूर तू आखलेल्या वाटेनं गुमान चालत गेला. मला ती नळी भिंतीवर आपटावीशी वाटली. हे मला सुचलंच नसतं, छोटे. मी छतातून हवा सोडून मोकळी झाले असते, सगळे करतात तशी.

दुपारी ट्रक आला. मागचं मोठं शटर वर गेलं आणि धूर जागच्या जागी घुटमळला, मग मागे फिरून शेवटच्या दोन टेबलांवर जाऊन बसला. मी मुकादमाला विचारलं, "शटर बंद कधी करता?"

"रात्री," तो म्हणाला. "दिवसभर गाड्या लागतात, मॅडम. कोण उघडझाप करत बसणार?"

तू सगळी आकडेमोड बंद शटर धरून केलीस.

मी हसले. त्या शटरशेजारी उभी राहून अगदी मनापासून हसले. शेवटच्या टेबलावर एक बाई नाकाला रुमाल बांधून तळवे चिकटवत होती. तिनं विचारलं, "सापडलं वाटतं?"

"सापडलं."

"मग आता थांबेल ना हो डोकं दुखायचं? घरी गेलं की पोरीचा आवाज सहन होत नाही. उगाच खेकसते तिच्यावर."

मी तिच्यासाठी खूश झाले असं तिला वाटलं होतं. माझं हसू तिथंच जिरलं.

ती दोन टेबलं मी लगेच मधल्या रांगेत हलवायला लावली. तुला विचारलं नाही, विचारणारही नव्हते.

घरी आल्यावर मात्र भीती वाटली. मनात एवढं विष घेऊन मी मोजमाप केलं, ते खरं कशावरून? दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या 'मोजपट्टी'ला बरोबर नेलं. हा आमचा जुना सहकारी, देवाच्या शब्दावरही विश्वास न ठेवणारा. त्याला काही न सांगता सगळं पुन्हा मोजायला लावलं. तेच निघालं. वर म्हणाला, "शटर सोडलं तर काम देखणं आहे. कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं," मी म्हटलं. पण लगेच नाही. ट्रकच्या आवाजात त्याचा प्रश्न ऐकू आला नाही असं आधी दाखवलं.

तर आता ऐक. मालक म्हणतात तो 'नवा माणूस' कोण, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. मी फक्त "आराखडा चुकला" एवढंच लिहिलं, तर तो दुसरा कारखाना माझा. मला तो हवाय. हे लिहितानाही हवाय.

पण चुकलंय ते एक दार. शटरच्या आत लहानशी खोली काढ, तिला दुसरं दार दे. बाहेरचं उघडं असेल तेव्हा आतलं बंद. शेवटच्या टेबलांवर हवा ओढणारं वेगळं तोंड बसव. पंखे बदलावे लागणार नाहीत, मी हिशेब करून बघितलाय. बुधवारी माझा अहवाल जाईल. त्यात मी हेच लिहिणार आहे, आणि आपण बहिणी आहोत हेही. त्याआधी तू मालकांना स्वतः फोन कर. उद्या मोजपट्टी तुझ्याच शहरात येतोय, म्हणून पत्र त्याच्या हाती देते. फोनवर मला हे जमलं नसतं. तू "ताई" म्हणाली असतीस आणि मी बाबांच्या औषधांवर घसरले असते.

जळणं थांबलं का, असं विचारशील, तर नाही. दुसरा कारखाना उभा राहील, पुन्हा फोटो येईल, आणि मी पुन्हा दोन दिवस कुणाशी धड बोलणार नाही. तेवढं मला करू दे.

बाबांना यातलं मी काही सांगणार नाही. पण शटरची भानगड ताईनं पकडली असं तू त्यांना सांगितलंस, तर माझी हरकत नाही. फक्त फोन स्पीकरवर ठेवायला सांग त्यांना. मी स्वयंपाकघरात असेन, आणि नळ बंद ठेवीन.

तुझ्यावर जळणारी, आणि तरी तुझीच,
ताई