हवेत थांबवलेला घण

आई, हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही म्हणून तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आम्ही न्यूझीलंडला आलो त्या वर्षी इथे क्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला होता. तेव्हा मनात आलं, बरं झालं तू नाहीस, नाहीतर परत ये म्हणून जीव खाल्ला असतास. तेवढं एकदाच वाटलं. नंतर कधी नाही.

आम्ही पुकेकोहे नावाच्या गावात राहतो. लाल माती, कांदे, बटाटे. तुझा जावई एका वर्कशॉपमध्ये शेतीची अवजारं वेल्डिंग करतो, म्हणजे लोखंड काही आपल्याला सुटलं नाही. पण तो शहरात वाढलेला, आयटीआयचा. सगळं मशीनवर. घण पेलणारी बाई त्याने आयुष्यात पाहिलेली नाही. मी कांद्याच्या पॅकहाऊसमध्ये सरकत्या पट्ट्यावरचे सडके कांदे वेचून काढते. उन्हाळ्यात शनिवारी आमच्या पॅकहाऊसची सॉफ्टबॉलची टीम खेळते. क्रिकेटसारखंच, पण बॅट गोल, लाटण्यापेक्षा लांब नि जाड पण त्याच जातीची, आणि बॉल खालून हात फिरवून टाकतात, टप्पा नाही, सरळ अंगावर. बायका कमी पडत होत्या म्हणून आमच्या फोर्कलिफ्टवालीने मला ओढलं. ती माओरी, म्हणजे इथली मूळची, माझ्याच वयाची तरी मला आँटी म्हणते, आवाज असा की पत्रा हलावा. तीच आमची कोच. "आँटी, खांदे बघ तुझे! कांदे काय वेचतेस?" म्हणाली. मी गेले, आणि येईल त्या बॉलवर बॅट फिरवत राहिले. डोक्यावरून जाणाऱ्यावर, जमिनीला घासणाऱ्यावर. लागला तर लांब जायचा. लागायचाच नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर अमेरिकेतला बेसबॉल लावते. आमच्या सॉफ्टबॉलचाच मोठा भाऊ तो. सगळे डबे घेऊन भोवती बसतात आणि भांडतात, मोठा हिटर कशाने होतो. आमचा टोंगा बेटावरचा ड्रायव्हर म्हणतो, कंबर पाहिजे, आणि आपली दाखवतो, सगळे हसतात. कुणी म्हणतं नजर. मी म्हटलं, मनगट. कोच म्हणाली, "नाही आँटी. मोठा हिटर कोण ठाऊक आहे? ज्याचा हात सुटलेला असतो आणि तरी जो थांबतो." मग सगळ्यांसमोर म्हणाली, "या शनिवारी पण येईल त्यावर फिरवलीस ना, तर बॅट काढून घेईन. सावलीत बसून स्कोअर लिही." मी पोळीचा घास तसाच धरून बसले. हे मी आधी ऐकलेलं होतं. तुझ्याकडून.

बाजाराचं गाव आहे. पिंपरणीखाली आपलं पाल ठोकलेलं. मी भात्यावर. बा सांडशीत तापलेली कुऱ्हाड धरून ऐरणीवर ठेवतो, लहान हातोड्याने जागा दाखवतो, टण्, आणि त्याच जागी तुझा घण पडतो. टण्, धप्प. टण्, धप्प. पदर खोचलेला, घाम हनुवटीवर, आणि नजर घणावर नाही, बावर नाही, त्या लाल जागेवर. बाने हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजवला की थांबायचं, हा आपला कायदा. घण वर असला तरी. त्या दिवशी बाला हातोडा वाजवायलाही सवड मिळाली नाही. कुणाचा तरी बैल बुजून पालाच्या दोरीत शिरला, बा दचकला, सांडशी फिरली, आणि त्याचा हात ऐरणीवर आला. तुझा घण निघालेला होता. मी डोळे मिटले. आवाज झालाच नाही. डोळे उघडले तर घण तुझ्या छातीशी, मांड्या थरथरतायत, आणि तू बाला म्हणतेस, "थंड झाली. परत घाल भट्टीत." बस. एवढंच.

संध्याकाळी मी म्हटलं, मला पण घण दे. माझे हात तुझ्यापेक्षा भरलेले होते. तू भाकरी थापत होतीस, मान पण वर केली नाहीस. "मारशील गं. थांबशील का? भात्यावरच बस." लग्न होऊन जाईपर्यंत मी भात्यावरच बसले. तू ते बोलणं मागे घेशील म्हणून वाट बघितली. तू घेतलं नाहीस, आणि मग तू राहिलीच नाहीस.

तर शनिवार. ऊन असं की केस तापलेले. शेवटची पाळी, आम्ही मागे, आणि माझा नंबर. समोरची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, विशीतली पोर, हात गोफणीसारखा फिरवणारी. चार खराब बॉल सोडले की न मारता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या ठिकाणी, जायला मिळतं, पण चांगला सोडला किंवा फिरवून चुकला, असं तीनदा झालं की बाद. दोनदा मी फिरवली, दोन्ही हवेत. मग कसे तरी तीन खराब सोडले. आता एकच उरला, इकडचा किंवा तिकडचा. मागून कोच ओरडतेय, "वेट, आँटी, वेट!" तो बॉल सुरुवातीला सरळ आला. माझी बॅट खांद्यावरून निघाली, कंबर फिरली, आणि शेवटच्या क्षणी बॉल बाहेर वळला. मला बाचा हात दिसला, आई. खरंच दिसला. मी बॅट छातीशी ओढली. मनगटात कळ गेली. मांड्या तुझ्यासारख्याच थरथरत होत्या. बॅट पूर्ण फिरली नव्हती, अंपायरने बाद द्यायला हात वर केला नाही. "बॉल," म्हणाला, म्हणजे चौथा खराब, आणि मी चालत पहिल्या बेसवर गेले. कोच टाळ्या वाजवत होती जसं काही मी मैदानाबाहेर मारला. पुढचा बाद झाला, आम्ही हरलो. पण बॅट माझ्याकडेच आहे.

बेसवर उभी राहून मी कुंपणाकडे बघत होते. तिथे लोक खुर्च्या टाकून चिप्स खात बसलेले. तू तिथे असतीस तर टाळी वाजवली नसतीस, हे मला माहीत आहे. मान पण हलवली नसतीस. नुसतं म्हणाली असतीस, ये, धर हा घण. तेवढंच हवं होतं मला.

हे पाठवायचं कुठे. चुलीत टाकावं तर इथे चूलही नाही. घरी आल्यावर माझ्या पोरीने विचारलं, "मम, डिड यू हिट इट?" तुझा जावईपण बघत होता. मी म्हटलं, मारला की, लांब, पार झाडापर्यंत. दोघं खूश झाले. थांबले हे त्यांना सांगून काय कळणार होतं.