थोरलीची पाठवणी आणि तुमचं वजन

प्रिय मेहुणेबुवा,

कायमचे जमिनीवर उतरलेल्या तुमच्या दाजींचे तुम्हां सर्वांना आशीर्वाद. तुमची ताई ठणठणीत आहे. मी ठणठणीत आहे असं तिचं म्हणणं आहे. माझा गुडघा हवा बदलायच्या आदल्या दिवशी कळवतो, म्हणजे तोही कामावर आहे. तुम्ही कसे आहात? पोट काय म्हणतंय? आणि सध्या वजन किती? जोड्यांसकट सांगा. (अंदाजपंचे नको. तुमच्या वखारीत लाकूड तोलायचा काटा आहे, त्यावर उभं राहून सांगा. तुमच्या घरातल्या काट्यावर माझा विश्वास नाही, तो तुम्हाला बरं वाटेल तेच दाखवतो.) पत्राचं कारण शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

तर बातमी अशी की मी थोरलीला देऊन टाकलं. आमच्या पोरीच्या आधी ते विमान घरात आलं म्हणून तुमच्या ताईनेच त्याला हे नाव पाडलं, हे तुम्हाला माहीतच आहे. पोरगी अजून कुरकुरते की जन्मभर तिला थोरलीचे उतरलेले कपडे घालावे लागले. त्यात तथ्य आहे. पंखांना लावायच्या कापडाचे तुकडे उरले होते, त्यांचे तुमच्या ताईने तिला दोन फ्रॉक शिवले. (मळायचे नाहीत, फाटायचे नाहीत, फक्त बसताना करकरायचे. वर्गात पोरगी बसली की बाई फळ्याकडून वळून बघायच्या.) आता लोक तुम्हाला सांगतील की पोरीने दाजींना गळ घातली, डॉक्टरांनी दम भरला, ताईने अबोला धरला. एकावरही विश्वास ठेवू नका. माझं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं. आणि ठरवायला कारण झाला चौकीदाराचा पायजमा.

धावपट्टीच्या टोकाला खांबावर कापडाची एक लांब पिशवी असते, पट्ट्यापट्ट्यांची. ती फुगून ज्या बाजूला लोंबेल त्यावरून वारा कुठून येतोय ते कळतं, आणि उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन, हा आमचा पहिला धडा. त्या दिवशी तुमची ताई शेजारी बसली होती. मी वरून पिशवी पाहिली, वारा ताडला, वळसा घेतला आणि असा अलगद टेकलो की तिच्या मांडीवरच्या पिशवीतलं अंडंसुद्धा हललं नाही. पण थोरली थांबेना. धावपट्टी संपली, गवत लागलं, गवत संपलं, आणि आम्ही कँटीनच्या ओट्याला नाक लावून उभे राहिलो. कँटीनवाला खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "काका, चहा आत पाठवू की बाहेर येताय?" मागाहून उलगडा झाला. मी जी पिशवी समजलो ती चौकीदाराच्या दोरीवर वाळत घातलेला पट्ट्यांचा पायजमा होता, आणि शेडच्या आडोशाला वारा उलटा फिरतो. म्हणजे इतक्या वर्षांचा अनुभवी वैमानिक एका पायजम्याचं ऐकून वारा पाठीशी घेऊन उतरला. मी तुमच्या ताईला विचारलं, तुला दिसलं नाही का? ती म्हणाली, "दिसलं की. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तिथेच, ओट्यावर चहा पिताना, मी ठरवलं. आज ओटा होता, उद्या ओट्यावर कोणाचं लेकरू बसलेलं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नंतर गेलो, तेही केवळ शहानिशा म्हणून. (त्यांनी समोरच्या पाटीवरचं अक्षर वाचायला सांगितलं. मी म्हटलं, आधी पाटी कुठे आहे ते सांगा.)

आता द्यायचं म्हटलं की घेणारे येतात. माझी अट एकच होती: घेणाऱ्याने थोरलीला उडवलं पाहिजे. तिला शोभेची वस्तू करून बसवलं तर मी वर जाऊनही शांत बसणार नाही. पहिले आले ते एक हॉटेलवाले, सोन्यासारखा माणूस, खोटं कशाला बोलू. त्यांना थोरलीला हॉटेलच्या गच्चीवर चढवून आत दोन टेबलं मांडायची होती. वाढदिवसाला पोरं विमानात बसून केक कापतील, म्हणाले. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. तेवढ्यात ते पंखावर चढले. पंखावर 'इथे पाय देऊ नये' असं ठळक लिहिलंय, आणि त्यांनी नेमका 'नये'वर पाय दिला. कापडातून पाय मांडीपर्यंत खाली, एक जोडा आमच्या बाजूला, बाकी हॉटेलवाले वरच्या बाजूला. त्यांना उपसून काढल्यावर तुमची ताई सुईदोरा घेऊन आली आणि त्यांनाच पंखाखाली उकिडवं बसवून कापड ताणून धरायला लावलं. सबंध दुपार ते तसेच बसून होते आणि तरी आनंदात होते. निघताना म्हणाले, उगाच शिवलंत, त्या भोकातून दिवा सोडला असता. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटकाला कडी घातली.

मग आल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई. अंगाने भक्कम, कोपरापर्यंत आयोडिनचे डाग, बोलणं मोजकं. तलावापलीकडे कुरणं आहेत, रस्त्याने वळसा घालून जाईपर्यंत गाय अडलेली असली तर वासरू हाती लागत नाही, म्हणून त्यांना विमान हवं; चालवायचा परवाना त्यांनी आधीच काढला होता. त्या काही विचारेनात. थोरलीच्या नाकावर तळहात ठेवला, एक फेरी मारली, चाकाशी वाकून वास घेतला. मला वाटलं, आता शेपूट उचलून बघतात की काय. (बघितलं.) इंजिन चालू झाल्यावर कान देऊन म्हणाल्या, "सकाळी उठायचा आळस आहे हिला." मेहुणेबुवा, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आम्ही चक्कर मारायला निघालो. त्या डावीकडे, माझ्या जागेवर, आणि मी उजवीकडे, पाहुण्यासारखा. थोरलीला डावीकडे ओढायची खोड आहे, सतत उजवा पाय दाबून धरावा लागतो. (माझ्या सगळ्या जोड्यांचा उजवा तळ आधी झिजतो तो त्यामुळे. चांभाराला वाटतं मी लंगडतो.) हे मी बाईंना मुद्दाम सांगितलं नाही. परीक्षा ती परीक्षा. पण चाकं सुटताक्षणी त्यांचा पाय आपोआप गेला आणि त्या थोरलीलाच म्हणाल्या, "मान आखडलीय होय गं?" वर त्यांनी चालवलं आणि मी माझ्या बाजूची फळी उजव्या पायाने दाबत राहिलो. उतरायच्या आधी त्यांनी खाली बघून अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, ती वाऱ्याची पिशवी आणि तो पायजमा, बरोबर?" म्हणजे गोष्ट तलावापलीकडच्या गाईंपर्यंत पोचली होती. त्या टेकल्या. अंडं हललं नसतं, असं नाही म्हणणार. अंडं फुटलं असतं. पण वाऱ्याला तोंड देऊन टेकल्या आणि ओट्याच्या पुष्कळ अलीकडे थांबल्या. मी तिथेच किल्ली त्यांच्या हातात दिली.

गेल्या आठवड्यात त्या थोरलीला घेऊन गेल्या. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही, हे आवर्जून लिहितो. पंखा फिरला की धूळ उडतेच. आता मी मोकळा आहे. बागेत चार वांगी लावीन, गुडघ्याचं ऐकून हवामान सांगेन, लोक शहाणा म्हणतील.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना आदरपूर्वक नमस्कार, वखारीतल्या मांजरीची विचारपूस.

तुमचा,
दाजी

ता. क. एक: सौदा करताना मी डॉक्टरीणबाईंना एक अट घातली. एक फेरी माझ्या मनासारखी. त्या येत्या रविवारी सकाळी थोरलीला घेऊन तुमच्या वखारीमागच्या माळावर उतरतील. आम्ही दोघं त्यात असूच. गुरं तेवढी बाजूला घ्या. आणि दोरीवर काही वाळत घालू नका.

ता. क. दोन: विमानात चार जागा आहेत आणि आम्ही तिघं. आता वजन का विचारलं ते कळलं असेल. इतकी वर्षं तुम्ही कधी पोट, कधी गिऱ्हाईक, कधी 'आपले पाय जमिनीवर बरे' असं सांगून सुटलात. मीही फार ताणलं नाही, म्हटलं मेहुणा कुठे पळून जातो. मेहुणा नाही पळाला, विमान निघालं. त्यामुळे या खेपेला पोट चालणार नाही. पोटाचं वजन धरूनच कळवा.

ता. क. तीन (हे ताईच्या हातचं): बाळ्या, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. वांगी लावलेली नाहीत. रोज संध्याकाळी रिकामी शेड झाडून येतात. रविवारी मी पुढे बसणार आहे, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी, कारण पायजमा ओळखणारं कोणीतरी पुढे हवं. ह्यांना मागे बसायचंय. आयुष्यात कधी मागे बसले नाहीत. परवा मला विचारत होते, मागे धरायला काही असतं का. मी म्हटलं, नसतं. तेव्हा त्यांना तुझी आठवण झाली. तू भितोस हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि भिणाऱ्याचा हात धरला तर धरणाऱ्याला कोणी हसत नाही. वजन खरं सांग आणि ये.