आठ दिवस जास्त

२१ नोव्हेंबर
दु. दोनला रूपाचा फोन, ड्यूटीला जायच्या आधी. तिकडे इंग्लंडात नियम बदलतायत. कायमचं राहायचा परवाना (ही पोरं पीआर म्हणतात) आजवर पाच वर्षांनी मिळायचा, आता दहा. एप्रिलपासून म्हणे, नक्की कुणालाच माहीत नाही. "पण आपण सुटलो आई. फेब्रुवारीत माझी पाच पूर्ण होत्यात." तिच्या वॉर्डातल्या दोन केरळी नर्सा आत्ताच ऑस्ट्रेलियाचे फॉर्म भरायला लागल्यात.
यांना सांगितलं. एसटीत जन्म काढलेला माणूस. म्हणाले, "आपली गाडी यायच्या टायमाला फलाट बदलत्यात. सगळीकडं तसंच की."
घेवडा निवडला. दुसरं काही नाही.

२ डिसेंबर
व्हिडिओ कॉल. नातीनं, स्वरानं, शाळेतला मोठा कागदी मासा दाखवला. भिंतीला लाव म्हटलं तर रूपा म्हणाली, घरमालक खिळा मारू देत नाही. पीआर झालं की स्वतःचं घर बघणार, मग मारा म्हणे किती खिळे मारायचे ते. सागर मागून हसला. जावई हसतो तेव्हा बरं वाटतं. इथं शिरोलीच्या कारखान्यातली कायम नोकरी सोडून बायकोमागं गेला आणि तिथं गोदामात खोकी उचलतोय. एका शब्दानं कधी बोलला नाही.

११ डिसेंबर
फोन नाही.

१३ डिसेंबर
फोन आला. रूपाचा आवाज सपाट. अर्जात पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस होतात ते लिहायचं असतं. पासपोर्टावरचे शिक्के बघून मोजत बसली होती. बाराखडी पाठ म्हटल्यासारखं सांगत गेली. बारा महिन्यांत एकशे ऐंशी दिवस बाहेर राहिलेलं चालतं. ती स्वराच्या बाळंतपणाला आली बावीस मार्चला, परत गेली सत्तावीस सप्टेंबरला. यायचा-जायचा दिवस सोडून एकशे अठ्ठ्याऐंशी.
आठ जास्त.
मी म्हटलं, सहा महिने चालतात म्हणालेलीस की तू. "सगळे सहा महिनेच म्हणत्यात आई. सहा महिन्यांचे एकशे चौऱ्याऐंशी होतात, एकशे ऐंशी न्हाईत. कुणी मोजलंच न्हाई."
पुढं काय तर मागचं सगळं मोडतं. परत पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे आता दहा.
भाकरी करपली. तीच खाल्ली.

१४ डिसेंबर
तिनं माझं नाव घेतलं नाही. यांनीही नाही. पण कुणामुळं ते आम्हा तिघांनाही माहीत आहे.
तिचं परतीचं पहिलं तिकीट बारा सप्टेंबरचं होतं. गणपती गेले होते, बाळाचा व्हिसा आलेला, बॅगा भरून सोप्यात ठेवलेल्या. सात दिवस हातात राखून ती पोचली असती. मी आडवी पडले. म्हाळाचे दिवस सुरू झालेले. पितरांच्या पंधरवड्यात तीन महिन्यांचं लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, घट बसू देत, मग जा. हे तेव्हा म्हणालेही होते, "मेलेली माणसं काय विमानाला आडवी येत्यात व्हय?" मी दोन दिवस जेवले नाही. मग सागरनं तिकडून तिकीट बदललं.
आठवलं की रडू येईल असं वाटत होतं. येत नाही. छातीत लाकूड ठेवल्यासारखं आहे नुसतं.

१९ डिसेंबर
उचगावच्या बाजारात गल्लीतली शांता भेटली. "लेक कायमची झाली म्हणं तिकडं?" होईल म्हटलं. कोथिंबीर घ्यायला गेले होते, ती न घेताच आले.

२७ डिसेंबर
रूपा-सागरनं तिथल्या वकीलबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, एखादं जबरदस्त कारण असेल तर वरचे दिवस माफ करू शकतात, करतीलच असं नाही. कारण म्हणजे गंभीर आजार वगैरे. कागद पाहिजे.
रूपानं एवढंच सांगून फोन सागरकडे दिला. तो खोलीबाहेर जाऊन बोलला. "आई, तुमचे डॉक्टर ओळखीचे आहेत ना? स्वराला त्या सप्टेंबरात बरं नव्हतं, प्रवास करू नका असं सांगितलं होतं, एवढं एक पत्र मिळालं तर... रूपाला नका सांगू. ती नर्स आहे, तिला असलं चालत नाही."
मी लगेच हो म्हटलं. एवढं पटकन आयुष्यात कशाला हो म्हटलं नसेल.

२८ डिसेंबर
हे म्हणाले, "खोटं हाय."
मी म्हटलं, आहे.
"मग बघ बाई." बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. गाडी स्वच्छच होती.
तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं रजिस्टरात लिहिली. कधी खोटं लिहिलं नाही असं काही नाही. वरून साहेब यायचे असले की अर्धा-पाऊण किलो वाढवलेलं आहे. मग आता कसली सोवळी होऊ?

२ जानेवारी
सका. डॉक्टरांकडे. स्वराचं पहिलं डोस-टोचणं सगळं त्यांच्याकडेच झालेलं. गर्दी संपेपर्यंत बसले. सगळं खरं सांगितलं. त्यांनी टेबलावरची काच पुसली. मग लेटरहेड ओढलं. "काकू, नियमात बसत नाही हे. पण पोरीचं तुमच्या..." पेन उघडलं. "काय लिहू? ताप लिहू का न्युमोनिया? न्युमोनियाच लिहावा लागंल, साध्या तापाला कोण विचारतंय."

ते परत म्हणाले, "काकू?"
मी म्हटलं, राहू दे डॉक्टर.
"राहू दे?"
राहू दे. उठले, चप्पल घातली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं ते ऐकू आलं. दारात येऊन म्हणाले, "रागावू नका, पण मला बरं वाटलं."
रिक्षात बसले. धडधाकट पोर, तिच्या नावावर मी न्युमोनिया कसा घालू? आपण बोलावं आणि वरच्यानं तथास्तु म्हणावं. त्यापेक्षा दहा वर्षं परवडली.
यावरून जगाला कळेल मी किती अडाणी आहे. कळू दे.

३ जानेवारी
सागरला सांगितलं. "बरं आई," म्हणाला. राग असता तर सोपं होतं.

८ जानेवारी
झालेलं लिहून काढते. इथं कधीच लिहिलं नाही.
रूपाच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. माहेरी कागलला बाळंत झाले. चाळीस दिवसांचा होता. सासऱ्यांचा निरोप आला, म्हाळ जवळ आलाय, सून घरात पाहिजे, पंचवीस पानं उठायची. वडील नको म्हणत होते. आई म्हणाली, जाऊ दे, त्यांचं माणूस आहे. एसटीत खिडकी लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी ताप. मी चुलीपुढं होते, पोर पाळण्यात. तिसऱ्या दिवशी गेला. त्या दिवशी पानं उठली नाहीत.
नाव ठेवलं नव्हतं अजून.
पंधरवड्यानं नेला असं मी म्हणत नाही. खिडकीनं नेला असेल. पण बॅगा सोप्यात दिसल्या तेव्हा मला हे सगळं थोडंच सुचलं? मी आडवी पडले एवढंच.

१० जानेवारी
यांना विचारलं, पत्र लिहू का? खरं. डॉक्टरांच्या पत्राच्या जागी.
"त्ये कोण ऐकणार हाय तिकडं?"
कुणी नाही.
मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "लिही. त्याचं बी लिही." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या पोराचा विषय यांच्या तोंडून निघाला. उठून वैरण आणायला गेले.

१३ जानेवारी
पत्र झालं. दीड पान. मुलीची चूक नाही, तिची जायची तयारी होती, मी अडवली, का अडवली. खाली सही, पुढं निवृत्त अंगणवाडी सेविका. ते कशाला लिहिलं कोण जाणे. फोटो काढून पाठवला.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटला. फोन नाही.

१६ जानेवारी
रूपाचा फोन.  "मला भाऊ होता?"
होता.
"मी पोटात असताना तुला भीती नाही वाटली?"
वाटली की. मग काय करणार.
ती स्वतः इंग्रजी करतेय पत्राचं. पंधरवड्याला शब्द मिळेना, मृत माणसांसाठी पाळायचे पंधरा दिवस असं लिहिलं म्हणाली. वकीलबाईंनी वाचलं. म्हणाल्या, आशा ठेवू नका, पण घालू. अर्ज नाकारला तर परत साधा व्हिसा वाढवायचा आणि दहा वर्षं मोजायला लागायचं. स्वरा तोवर चौदाची होईल.
मी मनात तिचं वय मोजलं तर पंधरा येत होतं. चौदाच.

१२ फेब्रुवारी
अर्ज गेला. हे म्हणाले, "नारळ फोडू का?" मी म्हटलं, कशाला. फोडला त्यांनी. खोबऱ्याची चटणी केली.

२६ फेब्रुवारी
काही नाही. केरळी नर्सांतली एक गेलीसुद्धा. तिची खुर्ची, भांडी, पडदे रूपाला देऊ करत होती. रूपानं घेतले नाहीत. आपलंच कुठं काय ठरलंय, म्हणाली.
सागरला तिकडं वरची जागा देणार होते. पुढच्या व्हिसाचं काय ते सांगा, मग बघू, म्हणाले.

९ मार्च
फोन कमी झालेत. स्वरा मला "आज्जी, हाय" म्हणते आणि पळते. मला वाईट वाटायला पाहिजे, पण त्या जागी काहीच सापडत नाही. दवाखान्यात दात काढल्यावर गाल असतो तसं.

१८ मार्च
बातम्यांत तिकडचं काहीतरी दाखवत होते. हे आवाज मोठा करायला लागले, मी बंद केला टीव्ही. भांडण. "आपल्या पोरीचं हाय की गं त्ये!" आपल्या पोरीचं आहे म्हणूनच.

२४ मार्च
दु. दोनला रूपा. उत्तर नाही. एप्रिल आठवड्यावर आलाय. आपला अर्ज जुन्या नियमात मोजणार का नव्या, त्यावर दोन लोक दोन गोष्टी सांगतात.
मग म्हणाली, "सागर म्हणतोय नाही म्हणाले तर परत जाऊ. शिरोलीत काहीतरी बघू. स्वरा लहान आहे तोवरच जमेल. तू सांग आई. थांबू का येऊ?"
जिभेवर आलं होतं, ये. मी म्हटलं, मला विचारू नको बाई. एकदा सांगितलं तेवढं बास झालं.
 मग म्हणाली, "आई, ते तू मनाला लावून घेऊ नको. तेव्हा मलाच जायचं नव्हतं. बॅगा भरल्या, पण पाय निघत न्हवता. तू आडवी पडलीस, मला बरं वाटलं. मी कुणाला बोलले न्हाई."
 तीन महिने जे लाकूड छातीत होतं ते हललं, पण गेलं नाही.
विचारलं, आणि आता? आता यावंसं वाटतं का?
पलीकडून स्वराचं काहीतरी इंग्रजी बोलणं ऐकू येत होतं, सागर तिला बूट घालत असावा.  रूपा म्हणाली, "ड्यूटीची वेळ झाली आई. ठेवते."
हे दारातून विचारत होते, काय म्हणाली? अजून उत्तर नाही, म्हटलं.