हाताने फिरवलेला बोल्ट

१ मार्च, रविवार
इंजिन आलं! भंगारवाल्याने चार माणसं लावून सासऱ्यांच्या शेडमध्ये उतरवलं. मागून चेपलेल्या एका ट्रकचं आहे, पण आतून ठणठणीत. सासरे लांबूनच बघत होते. एरवी बॉनेटखाली माझ्याआधी त्यांचं डोकं असायचं.
"जावईबापू, तुम्ही आहात म्हणून निभावलं," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ मार्च
इथे तरी खरं लिहावं. जुनं इंजिन त्यांच्यामुळे गेलं नाही. माझ्यामुळे गेलं!
ऑइल मी बदललं होतं. तळाचा बोल्ट हाताने फिरवून ठेवला, पाना नंतर लावू म्हटलं — तेवढ्यात सासूबाईंनी जेवायला हाक मारली. राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी सासरे भरलेला ट्रक घेऊन निघाले. बोल्ट वाटेत कुठेतरी गळून पडला, सगळं ऑइल सांडलं आणि चढावर इंजिन जाम झालं.
"तापलं असणार. काटा वर गेला आणि मला दिसलाच नाही. वय झालं माझं." चाळीस वर्षांत ज्याने ट्रकला ओरखडा येऊ दिला नाही, त्या माणसाने हे म्हणावं! आणि मी काय केलं? ट्रक ओढून आणल्याबरोबर सगळ्यांच्या आधी खाली शिरलो, नवा बोल्ट घट्ट आवळला, वरून डबाभर ऑइल ओतलं. तेव्हा बरा पाना आठवला!

८ मार्च, रविवार
जुनं इंजिन निघालं. शेडच्या तुळईला चेनपुली अडकवून इंचाइंचाने वर घेतलं. शेजारचा वेल्डर मदतीला होता. "दिवसभर चष्म्याच्या काचा घासता, हे कुठे शिकलात?" म्हणाला. पुस्तकं वाचून आणि लोकांच्या गाड्या बिघडवून, म्हटलं. तो खो खो हसला. मला नाही हसू आलं.

१० मार्च
सासूबाई हिच्याशी फोनवर बोलत होत्या. सासरे आता स्कूटरलाही हात लावत नाहीत. बाजारात चालत जातात. "उद्या कुणाच्या अंगावर घालीन," म्हणतात.
ही माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबांना काहीतरी सांगा ना तुम्ही, तुमचं ऐकतात ते." मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

१५ मार्च, रविवार
नवं इंजिन आत! पण गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटमध्ये जाता जाईना. प्लेट मध्यावर बसलीच नव्हती. उतरवलं, पुन्हा चढवलं. तिसऱ्या खेपेला गेलं. इंजिन धरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या जुळत नव्हत्या, त्या वेल्डरने जोडून दिल्या.
सासरे बॅटरी धरून उभे होते. "उजेड बरोबर पडतोय ना? माझ्या नजरेवर विसंबू नका." प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला मी. आता काय उपयोग?

१८ मार्च
सांगायला गेलो होतो. पेपर वाचून परत आलो. भित्रा!

२२ मार्च, रविवार
सुरू झालं! आधी खोकलं, काळा धूर सोडला, मग छान लयीत चालू लागलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी किल्ली पुढे केली. सासरे दोन पावलं मागे सरले.
"तुम्हीच चालवा."
मी चालवला. ते शेजारी बसले, प्रत्येक वळणावर डॅशबोर्ड घट्ट धरून. माझ्या बायकोला लहानपणी शाळेत सोडायला याच ट्रकमधून नेणारा माणूस! मला रडू आवरेना. उद्या सांगायचंच. हाकलून दिलं तरी चालेल.

२३ मार्च
सांगितलं. सगळं — बोल्ट, पाना, डबाभर ऑइल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले! कितीतरी दिवसांनी.
"बोल्ट जागेवर होता, जावईबापू. ऑइलही होतं, ट्रक ओढून आणल्यावर मी स्वतः ऑइल मोजायची पट्टी काढून बघितलं. माझ्या मनाला लागू नये म्हणून किती खोटं बोलाल?" डोळे पुसले, सासूबाईंना हाक मारली. "ऐकलंस का? माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतायत!"
मी शपथ घेतली, तर मला जवळ घेतलं.
ट्रक माझ्या नावावर करायच्या कागदांवर त्यांनी सकाळीच सही केलीय.