मांडवातला भुईचाफा

नाशिक, ५ मार्च २०२५

चि. सॅन्टन यास,
थेरेसाबायचे अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. एलिसा माझी लेक असूनही नर्सपेक्षा कडक. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. काल फोनवर मी तुला म्हटलं, भुईचाफ्याला पाणी घालू नकोस. तू म्हणालास, हो बाय, रोज घालतो. कानाचं मशीन कपाटात ठेवून ऐकू येत नसतं. म्हणून हे पत्र.

विहिरीजवळच्या अंगणात तगरीच्या उजव्या हाताला जमीन मोकळी दिसते, तिथे तो आहे, निघतानाही सांगितलं होतं. मैत्रिणीने तुंगारेश्वरच्या रानातून आणून दिलेला. पानं दिवाळीनंतर वाळून गेली, पण खाली कंद जिवंत आहेत. पाणी घातलंस तर कुजतील. पावसाआधी, एकही पान नसताना, थेट मातीतून फूल येतं म्हणतात. तीन पावसाळे मी नुसती पानंच पाहिली. यंदा मात्र येईल असं मन सांगतंय. तेवढं जप.

सालोमीला आणि ऑस्करला आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा कंदांवरही असू दे.

थेरेसा


निर्मळ, २४ मार्च

ती. थेरेसाबायस,
सॅन्टनचा सा. न. वि. वि.

पत्र आलं तोवर आठवडाभर पाणी घालून झालं होतं. लगेच थांबवलं. चार काठ्या रोवून सुतळी बांधली. शेजारच्या हरिश्चंद्रांनी विचारलं, काय लावलंय. मी म्हटलं, ते दिसत नाही. जाताना ते सालोमीला हळूच सांगून गेले, की सॅन्टनभाऊंना उन्हात फार उभं राहू देऊ नका.

खरी अडचण वेगळी आहे. ऑस्करचं लग्न ४ मेला, मांडव त्याच अंगणात. क्रिस्टीनाचे वडील, पॉल व्याही, आगाशीहून जागा बघायला आले. त्यांच्या माणसांच्या खुर्च्या बरोबर सुतळीच्या जागेवर येतात. मी म्हटलं, तगरीच्या पलीकडे मांडू. त्यांनी कारण विचारलं, मी भुईचाफा दाखवला. ते वाकून बराच वेळ माती बघत राहिले. मग म्हणाले, मुलीकडच्यांना कडेला बसवायचं असेल तर तसं सांगा, निमित्त कशाला. चहा अर्धा टाकून गेले.

सालोमीने तेव्हापासून माझ्याशी अबोला धरलाय. मशीन काढून ठेवलेलं, त्यामुळे मला ते दोन दिवस उशिरा कळलं.

काय करू ते कळव. तुझ्या गुडघ्याइतकीच भावाचीही काळजी असावी.

सॅन्टन


नाशिक, २ एप्रिल

चि. सॅन्टन यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, मी फूल जप म्हटलं, सोयरीक मोड म्हटलं नव्हतं. सुतळी सोड आणि खुर्च्या मांड. एकुलती एक लेक देणारा बाप आधीच हळवा झालेला असतो. एलिसाच्या लग्नात तुझे भाऊजी मिठावरून वाढप्याशी भांडले होते. मीठ बरोबर होतं. एलिसा तेव्हा नाशिकला गेली नव्हती, जवळच राहायची; पुढे महिनाभर रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिच्या घरी जात होते.

मला लग्नाला येता येत नाही याचंच दुःख पुरे आहे, त्यात ही भर नको. सर्वांवर असते तशी माया ठेव.

थेरेसा


निर्मळ, ५ मे

ती. थेरेसाबायस,
सा. न. वि. वि.

लग्न पार पडलं. तुझं ऐकलं नाही, याची आधी माफी. इतके दिवस राखलेली जागा मला सोडवेना. खुर्च्या तगरीच्या पलीकडेच मांडल्या.

चर्चमधली मिस्सा आटोपून मंडळी मांडवात आली. पॉल व्याही पुढच्या खुर्चीत बसले ते बसलेच. केक कापला, ते उठले नाहीत. फोटोला बोलावलं, उठले नाहीत. जेवायला बोलावलं, तरी नाहीत. सालोमीचा चेहरा उतरला. मी मशीन कानात घातलं, त्यांच्यापुढे गेलो, हात जोडले आणि झालं गेलं विसरा म्हणालो. ते हळूच म्हणाले, आधी तुमचा पाय बाजूला घ्या.

खाली पाहिलं तर त्यांच्या दोन बुटांच्या मध्ये, कोरड्या मातीतून, दोन फुलं वर आलेली. पांढरी, आत जांभळी. ना पान, ना देठ. कुणी तुडवू नये म्हणून ते दोन तास पाय फाकवून बसले होते. त्यांनी विचारलं, हाच का तुमचा भुईचाफा? मी सुतळीकडे बघितलं. सुतळीत नुसती माती. बाय, उजवा हात सांगताना तुझं तोंड कुठे होतं?

मग नवरानवरीला तिथेच आणून फोटो काढला. व्याही मांडीवर ताट घेऊन जेवले, दोनदा वाढून घेतलं. संध्याकाळी त्यांची माणसं निघाली तरी ते बसून होते. फुलं मावळली होती. ती संपली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पावसात पानं येतील, आता इथलंच झालंय ते. त्यांनी रुमाल काढला. आगाशी इथून स्कूटरवर कितीशी लांब, पण लेक कॅनडाला चालल्यासारखे रडले. मीही शेजारी बसलो. ते सांगत होते की क्रिस्टीनाला सकाळी लवकर उठवत नाही, तिला रागावू नका. मशीन कानात होतं, सगळं ऐकलं.

रागावलीस तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

सॅन्टन


नाशिक, १२ मे

चि. सॅन्टन यास,
अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की एलिसाला वाटलं गुडघा दुखतोय. अरे, मी विहिरीला पाठ करून सांगितलं होतं. झालं ते बरंच झालं. बरोबर जागी पाणी घातलं असतंस तर कंद मार्चमध्येच कुजले असते. फोटो पाठव, पण व्याही अर्धे कापू नकोस.

क्रिस्टीनाला झोपू दे. आणि पॉल व्याही सकाळी सकाळी स्कूटरवरून फुलं बघायला म्हणून आले, तर फुलं संपली असं सांगू नकोस. तगरीपाशी खुर्ची टाक आणि लेक उठेपर्यंत त्यांना बसू दे.

तुम्हा सर्वांची, लवकरच काठी टेकत येणारी,

थेरेसा