बुजवलेली खिडकी

ता. २ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखान्यात ठीक चालले आहे. मिस्त्री ओरडतात, पण माझ्या खिडक्यांचे जोड पाहून गप्प होतात. बाळाच्या खोकल्याचे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आईला गार वाऱ्यापासून जपा, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघराची खिडकी फळ्या ठोकून, फटींत लांबीचा लगदा भरून बुजवली होती. तिथून वारा येत नाही ना? मेणबत्ती धरून पाहा. ज्योत हलली तर कळव, येऊन पुन्हा भरतो.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. ९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खिडकीतून मुंगीही आत यायची नाही. मेणबत्तीची ज्योत चित्रातल्यासारखी उभी राहिली.

एक सांगते, हसू नकोस. चुलीपुढे बसताना आपण टेकतो ती भिंत, आई गेल्यावर तू चुना दिलेली, दहा महिन्यांत काळीठिक्कर झाली. काल पुसायला घेतली तर मधोमध पांढरट आकार. बसलेली बाई. आईचाच अंबाडा, आईसारखीच खोकून वाकलेली पाठ. आणि खांद्याशी इवलेसे डोके. आई तर बाळ जन्मण्याआधीच गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आजी नातवाला न्यायला आली आहे. तेव्हापासून मी त्याला खाली ठेवतच नाही; चुलीशी तर तो आधीपासूनच माझ्या खांद्याशी असतो. त्याच्या छातीत आता आईसारखी शिटी वाजते. काकूंकडे गॅस आहे, तिथे बसलो की मात्र थांबते.

माया असू दे.
ताई

ता. १३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच पहारीने फळ्या काढ. चूल अंगणात मांड. बाळाला आजच दवाखान्यात ने.

चुना आई गेल्यावर दिला, म्हणजे भिंतीवर आई नाही. ती तू आहेस, ताई. तुमच्या दोघांच्या अंगाआड राहिली तेवढीच भिंत पांढरी. तिथला धूर तुम्ही घेतलात. आमच्याकडे लाकूड चिकटवायचा सरस शिजवायची शेगडी दार लावून पेटवू देत नाहीत. मिस्त्रींना तुझे पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, धुराला वाट नसली की तो छातीत घर करतो, आणि लहान जिवाला आधी गाठतो.

आईच्या शेवटच्या आठवड्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली लांबी उकरलेली दिसली होती. उंदीर समजून मी पुन्हा भरली, वर पट्टी ठोकली. आपल्या घरात उंदीर कधीच नव्हते.

मला दूर करू नकोस.
तुझा धाकटा

ता. २१ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फळ्या काढल्या. बाळाला दोन दिवस दवाखान्यात ठेवून वाफ दिली. शिटी थांबली. वेळेवर आणलेत, आता धुराजवळ नेऊ नका, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी छाती सोमवारी तपासतील. अंगणातल्या चुलीने आपले कपडे धुरकटतात म्हणून काकू तोंड फुगवून आहेत.

स्वतःला खात बसू नकोस. ठोकताना फळ्या मीच धरल्या होत्या. रजा काढून ये आणि खिडकीला उघडणारी दारे बसव.

तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे.
ताई

ता. क. कडी खाली लाव. जमिनीवर बसल्या माणसाचा हात पोहोचेल इतकी.